वाऱ्याचा रकाना

माझी नातसून रोज सकाळी फोन बघते आणि मला सांगते, "आजी, आज हवा खराब आहे, खिडकी उघडू नका." मी म्हणते, बाई गं, खराब हवा कशी असते ते मला त्या डबडीत बघून नको सांगू, मी ती भाकरीबरोबर खाल्लेली आहे. ती हसते. हसू दे. पण परवा तिनं विचारलं, "मग तुमच्या वेळी हे कोण मोजायचं?" तेव्हा मात्र मी खिडकी लावून घेतली. आमच्या वेळी मोजायला माणूस होता. तो माझा बाप होता, आणि त्याची लेखणी माझ्या हातात होती. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही. आता त्या वेळचे सगळे जाऊन मी एकटी उरले आहे, तर कुणाची लाज धरायची?

गावाचं नाव मी लिहीत नाही. परभणी जिल्हा, रेल्वे स्टेशन आणि कापसाचा बाजार, एवढं पुरे. स्टेशनाच्या अंगाला एका शेठजींची जीन होती. जीन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. त्याच्या मावळतीच्या भिंतीला लागून आमची गल्ली. भिंतीत माणूसभर उंचीचं एक भोक पाडून त्यात पंखा बसवलेला होता. आतल्या रेच्यांवरची, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवरची, धूळ आणि रुईची बूर तो चोवीस तास बाहेर ओकायचा. वर बॉयलरचं धुराडं. ते बुटकं होतं. शेठजींनी वाढवायचं म्हणून दोन वर्षं सांगितलं आणि नंतर सांगायचंही सोडून दिलं. दिवाळी सरली की जीन सुरू व्हायची ती होळीपर्यंत. नेमका याच महिन्यांत वारा उगवतीकडून, म्हणजे जीनकडून आमच्याकडं. मृग लागला की वारा फिरायचा, मावळतीकडून स्वच्छ यायचा, सगळी घाण उलट शेतांकडं नेईल असा. पण तेव्हा जीनला कुलूप. देवानं आणि शेठजींनी ठरवून केल्यासारखा हा कारभार होता.

पहाटे भोंगा व्हायचा. आम्ही मात्र त्याच्या आधीच जागे असायचो, कारण भोंग्याच्या आधी मायचा खोकला सुरू व्हायचा. आधी दोन कोरडे ठसके, मग एक लांब, मग चुलीपाशी बसून छातीतून शिट्टीसारखा आवाज. तो आवाज ऐकत मी अंथरुणात पडून असायची. पौषात धुई, म्हणजे दाट धुकं, पडायची तेव्हा फार वाईट. धूर वर जायचाच नाही, गल्लीत लोळायचा. समोरच्या दारातलं माणूस ओळखू यायचं नाही. माय तव्यावर भाकरी टाकायची आणि परातीवर ओलं फडकं. तरी पिठात बूर. येसराच्या आमटीवर बूर. ठेच्यात बूर. भाकरी मोडली की कधीकधी कडेतून पांढरा तंतू लांबत यायचा, मग नाना पान सरकवायचे आणि म्हणायचे, "आज कापसाचीच भाकरी केलीस का काय?" माय तोंडावर पदर धरून खोकून घ्यायची आणि दुसरी भाकरी टाकायची.

नाना म्हणजे माझे वडील. तहसील कचेरीत अहलकार होते, म्हणजे कारकून. शेरवानी, काळी टोपी, उर्दू अक्षर मोत्यासारखं. घरात पानाचा डबा आणि दफ्तराचा बस्ता या दोन वस्तूंना आम्ही हात लावायचा नाही असा दंडक. वाईट माणूस नव्हते हो. मला त्यांनी कधी मारलं नाही. मुलीच्या जातीला उर्दू शिकवणारा गल्लीत तेवढा एकच बाप होता. पण कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला कागदापलीकडं काही दिसत नाही, तसं त्यांचं झालं होतं. पोटभर जेवलो का हेसुद्धा ते कुठं लिहिलेलं असेल तर बघून सांगतील, असं माय म्हणायची.

मायची जिवाची मैत्रीण गिरजामावशी. नवरा प्लेगात गेलेला, मूल नाही, जीनवर रेच्यात कापूस टाकायला जायची. तोंडाला लुगड्याचा फाटका तुकडा बांधायची तरी संध्याकाळी परतताना तिच्या भुवया, पापण्या, नाकातले केससुद्धा पांढरे. आमच्या दारात उभी राहून पदर झटकायची आणि म्हणायची, "वैनी, बगा, म्हातारी होऊन आले." मग दोघी ओट्यावर बसून गूळ चघळायच्या. गुळानं घशातली बूर पोटात उतरते अशी त्यांची समजूत होती. एक खोकली की दुसरी खोकायची. आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो. आज ती नक्कल आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एका वर्षी संक्रांतीच्या सुमारास मामा छकडा घेऊन आला आणि मायला आणि मला त्याच्या गावी पालमला घेऊन गेला. हुरड्याचे दिवस. आठ दिवस आम्ही शेतावरच होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळायला वेळ लागला. माय खोकत नव्हती. ती बांधावर उभी राहून मोठ्यानं मामीशी बोलत होती, हसत होती. मला वाटलं, ही माझी माय इतकी हसते? परतीच्या वाटेवर स्टेशनाचा सिग्नल दिसला आणि तिनं पदर नाकाला लावला. घरी आल्यावर मामा नानांना म्हणाला, "दाजी, होळीपस्तोर राहू द्या की बहिणीला आमच्याकडं. तिकडं तिला दम लागत न्हाई." नाना म्हणाले, "अन् हितं चूल कोण पेटवंल?" विषय संपला.

आता त्या रजिस्टराचं सांगते.

कचेरीच्या अंगणात पाऊस मोजायचा एक डबा होता आणि छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी बाण. बाणाचं टोक जिकडं, तिकडून वारा. रोज सकाळी दोन्ही बघून रजिस्टरात लिहायचं, हे काम नानांकडं. पावसाच्या चार महिन्यांत ते मनापासून करायचे, कारण पाऊस किती पडला हे जिल्ह्याहून विचारायचे. छत्री धरून डब्यातलं पाणी मोजायचे. पण दसरा झाला की डबा कोरडा, आणि वाऱ्याचा रकाना कुणी विचारायचं नाही. त्यातच एकदा एक वानर त्या बाणाला लोंबकळलं. दांडी वाकली आणि बाण अडकला तो कायमचा मावळतीकडं तोंड करून. नानांनी दुरुस्तीचा कागद वर पाठवला. उत्तर नाही. पुन्हा पाठवला. उत्तर नाही. तिसऱ्यांदा त्यांनी कागदच केला नाही. "सरकारला वारा नको हाय, तर मला काय पडलंय?" असं म्हणाले आणि तेव्हापासून महिनाअखेरीला रजिस्टर बस्त्यात बांधून घरी आणायला लागले. आश्विनात शेवटचा शब्द लिहिलेला असायचा "मगरिब", म्हणजे मावळत. त्याच्याखाली होळीपर्यंत एकच शब्द. ऐजन. ऐजन म्हणजे वरच्याप्रमाणे. निजामाच्या कचेरीत अर्धा कारभार त्या एका शब्दावर चालायचा.

मी अकरा-बारा वर्षांची असेन. नानांनी मला जो पहिला पुरा उर्दू शब्द शिकवला तो हाच. आधी उभी रेघ, मग बारीक दात आणि त्याखाली दोन नुक्ते, म्हणजे टिंबं, मग फुगलेलं पोट, पोटावर एक नुक्ता, पुन्हा उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर दोन तिरप्या बारीक रेघा. हात बसल्यावर मी ते इतकं सुबक काढायला लागले की नाना म्हणाले, "कमळे, आता तूच लिही. माझ्यापेक्षा साफ येतंय." आणि पान खात बाजेवर पडले. काय तो आनंद झाला मला! सरकारच्या वहीत माझं अक्षर! तिसऱ्या प्रहरी ओट्यावर बसून मी एका दमात महिनाभराचा वारा लिहून टाकायची. माय शेजारी वाकळ शिवत बसलेली असायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण ती वाकून बघायची. एकदा म्हणाली, "लय देखणं काढायलीस गं. हे काय, तुझं नाव हाय का?" मी फुशारकीनं म्हटलं, "सरकारचा शब्द हाय." तिनं लाल दोरा घेतला आणि वाकळेच्या कोपऱ्यात तोच शब्द टाक्यांनी काढला. रेघ, नुक्ते, पोट, सगळं बरोबर. लेकीच्या विद्येची खूण म्हणून.

एकदा, एकदाच, मी थांबले होते. पौष होता. मी लिहीत होते आणि कागदावर बूर येऊन पडत होती. फुंकर मारली की उडायची, पुन्हा पडायची. ओल्या शाईला चिकटायची. जीन माझ्या पाठीमागे होती आणि बूर पाठीमागून येत होती, एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, "नाना, वारा तर जीनकडून येयलाय. मशरिक लिहू का?" मशरिक म्हणजे उगवत. नाना डोळे मिटलेलेच म्हणाले, "फिजूल डोकं लावू नको. ऐजन लिही." आणि मी लिहिलं. शाईत अडकलेला एक तंतू टाकाच्या टोकानं काढला आणि त्याच जागी ऐजन लिहिलं. आता लोक म्हणतील, पोर होतीस तू, तुला काय कळत होतं. कळत होतं. म्हणून तर विचारलं होतं.

त्या वर्षी होळीच्या आधी तालुकदारसाहेब दौऱ्यावर यायचे होते. तालुकदार म्हणजे आताचा कलेक्टर. गल्लीतल्या देवराव मास्तरांनी मनावर घेतलं. मास्तर तापट, पण माणूस सच्चा. त्यांनी घरोघर फिरून अंगठे घेतले आणि अर्ज लिहिला: पंख्याचं भोक मावळतीच्या भिंतीतून बुजवून उगवतीला, शेतांच्या बाजूला काढावं आणि धुराडं उंच करावं. एवढंच. जीन बंद करा असं कुणी म्हटलं नव्हतं. अर्धी गल्ली तिच्यावर जगत होती. गिरजामावशीनं आतून अंगठा दिला, कामावरून काढतील ही भीती असूनही. माय म्हणाली, "पंखा फिरला तर मी जगंन, मास्तर." हे ती चेष्टेत बोलत नव्हती. त्या हिवाळ्यात तिला ओट्यावरून चुलीपर्यंत जाताना मध्ये भिंत धरून उभं राहावं लागत होतं. नानांनी अर्जावर सही केली नाही. सरकारी नोकराला करता येत नाही, म्हणाले. ते खरंही असेल.

मायनं स्वतःच्या डोक्यानं पुरावा केला. दोन धुतलेले पांढरे पंचे घेतले, एक घराच्या जीनकडच्या भिंतीला वाळत घातला, एक मागच्या बाजूला. चार दिवस ठेवले. मागचा पांढरा राहिला. पुढचा राखेच्या रंगाचा झाला, वर बुरीचा थर, मांजराच्या अंगासारखा मऊ. "ह्याला लिहिता-वाचता यावं लागत न्हाई," ती म्हणाली. फार खूश होती.

साहेब कचेरीच्या अंगणात लिंबाखाली बसले. एका बाजूला गल्लीतली माणसं, मागे बायका. दुसऱ्या बाजूला शेठजींचा मुनीम, उपरणं सावरत. नाना कागद घेऊन साहेबांच्या खुर्चीमागे. मी मायचा पदर धरून. साहेब सभ्य माणूस होते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी मास्तरांचं सगळं ऐकून घेतलं, बायकांनाही बसायला सांगितलं. मग मुनिमाला विचारलं. मुनीम हात जोडून म्हणाला, "हुजूर, हिवाळ्यात वारा मावळतीकडून असतो. आमची धूळ शेताकडं जाते. आमचं ऐकू नका, सरकारचं ऐका. कचेरीत वाऱ्याचं रजिस्टर हाय, ते मागवा." त्याला हे कुठून कळलं? नानांनीच कधीतरी पानाच्या गप्पांत सांगितलं असणार. फुशारकी मारायची सवय आमच्या घरातच होती.

रजिस्टर आलं. साहेबांनी पानं उलटली. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. मग मागच्या वर्षाचं. म्हणाले, "खत बड़ा साफ़ है." खत म्हणजे अक्षर. सरकारनं माझं जन्मात केलेलं कौतुक ते तेवढंच. मग नोंदींवर बोट ठेवून नानांकडं वळले. "अहलकार साहब, ये इंदराज आप के हैं?"

"जी, हुजूर."

"रोज़ देखकर लिखते थे?"

लिंबावर एक कावळा ओरडत होता. नानांनी टोपी नीट केली. "जी, हुजूर," ते म्हणाले, "रोज़."

मास्तर उसळून उठले. "कसं शक्य आहे? मला बघू द्या!" साहेबांनी रजिस्टर त्यांच्यापुढं धरलं. मास्तर पान उलटायला लागले आणि माय, पंचे दाखवायला म्हणून पुढं झालेली, त्यांच्या खांद्यामागून वाकली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. तिला उर्दू येत नव्हतं. पण एक शब्द येत होता. तो शब्द पानावर वरपासून खालपर्यंत, दुसऱ्या पानावर वरपासून खालपर्यंत, ओळीनं बसलेला होता. तो कधी, कुठं, कसा लिहिला गेला हे तिनं शेजारी बसून पाहिलं होतं. तिनं नानांकडं बघितलं. मग खाली माझ्याकडं. त्या अंगणात तिघांना खरं माहीत होतं आणि तिघं एकाच घरचे होते.

साहेब म्हणाले, "बाई, आपको कुछ कहना है?" ती एक शब्द बोलली असती तर नानांची नोकरी त्याच जागी गेली असती, वर खोट्या नोंदीचा खटला. तिनं पंचे पुढं धरले. "साहेब, ह्यो पंचा जीनकडचा, ह्यो मागचा. बगा तुमीच." बस. साहेबांनी पंचा हातात घेतला, बोटानं बूर चाचपून बघितली. त्यांना वाईट वाटलं होतं, दिसत होतं. म्हणाले, "आप सच कहती होंगी. लेकिन मैं सरकारी दफ़्तर को झूठा कैसे कहूँ?" तरी माणूस सच्चा म्हणून उठले, अंगणात मोकळ्यात आले आणि वर छपरावरच्या बाणाकडं बघितलं. बाण मावळतीकडं तोंड करून उभा. वानरानं वाकवलेला. ते मान वर करून बघत असताना त्यांच्या काळ्या शेरवानीच्या खांद्यावर जीनकडून आलेली बूर बसत होती, एक तंतू, दोन, दहा. चपराशी पुढं झाला आणि त्यानं ती अदबीनं झटकली. साहेब म्हणाले, "मगरिब." अर्ज नामंजूर झाला.

मास्तर घरी जाताना आमच्या दारावरून थुंकून गेले. गिरजामावशी मायजवळ आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्या दुपारी माय ओट्यावर बसली होती. मला म्हणाली, "कमळे, त्या शब्दाचा अर्थ काय गं?"

"ऐजन. म्हंजी वरच्यासारखंच."

"अन् वर काय हाय?"

"मगरिब."

"म्हंजी?"

"मावळतीचा वारा. आपल्याकडून जीनकडं जाणारा."

मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. तिनं वाकळ ओढून घेतली, कोपरा मांडीवर घेतला आणि सुईच्या टोकानं लाल टाके उसवायला लागली. एकेक. मध्ये खोकला आला की थांबायची. दोरा निघाला तरी भोकं राहिली. नाना कचेरीतून आले तेव्हा ती शेवटची रेघ उसवत होती. नानांनी ते बघितलं आणि शेरवानी न काढताच पुन्हा बाहेर गेले.

भांडण झालं नाही. आमच्या घरात भांडण होत नसे, हाच तर शाप होता. माय त्यांचं पान वाढायची, धोतर धुवायची. फक्त एक नवीन सुरू झालं. नाना सकाळी टोपी घालून निघाले की ती दारात यायची, भिंत धरून उभी राहायची, तोंड वर करून वारा गालावर घ्यायची आणि म्हणायची, "मशरिक." एवढंच. तो शब्द तिनं माझ्याकडून विचारून घेतला होता. नाना ऐकायचे आणि जायचे. पावसाळ्यात ती गप्प होती. तेव्हा रजिस्टर खरं असायचं. पुन्हा दिवाळी झाली, भोंगा झाला, आणि पुन्हा रोज, "मशरिक."

कार्तिकअखेरीला नानांनी बस्ता सोडला आणि रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं. मी टाक शाईत बुडवून विचारलं, "मशरिक लिहू?" नानांचा चेहरा कसनुसा झाला. म्हणाले, "आता बदललं तर मागचं सगळं खोटं ठरंल, पोरी. दोन वर्षांचं दफ्तर हाय." त्यांनी टाक माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः लिहायला बसले. अक्षर वाईट येत होतं. माय आत खोकत होती आणि ते लिहीत होते. बाप होता म्हणून आजवर सांभाळून बोलत आले, पण आज लिहून टाकते: मला त्या घटकेला त्यांचा जितका तिरस्कार वाटला तितका त्या शेठजींचाही कधी वाटला नाही. शेठजींनी आपला धंदा केला. ह्यांनी काय केलं?

गिरजामावशी मार्गशीर्ष सरताना गेली. कामावरच खाली बसली आणि उठली नाही. मायला तिच्या मयताला जाता आलं नाही. दारातून तिरडी गेली तेव्हा तिनं खिडकीतून हात जोडले. पौषात धुई उतरली. मामाला निरोप धाडला, तो छकडा घेऊन निघाला, पण त्याच्या आधीच, पहाटे भोंगा व्हायच्या आत, माय गेली. भोंगा झाला आणि घरात खोकल्याचा आवाज नव्हता, म्हणून मी उठले. शेवटच्या दोन दिवसांत तिला बोलता येत नव्हतं. नाना निघाले की ती बाजेवरून नुसता हात उचलायची, उगवतीकडं.

पुढं निजाम गेला. कचेरीवरची बोर्डं मराठी झाली. जीनचा पंखा तिथंच राहिला. नाना पेन्शन घेऊन बरीच वर्षं जगले आणि मरेपर्यंत एकदाही आमच्यात त्या रजिस्टराचा शब्द निघाला नाही. त्यांच्या मागे घराच्या वारसाचं काम निघालं, तेव्हा मायच्या मृत्यूचा दाखला लागला म्हणून मी गावी गेले. कचेरीतला कारकून तरुण पोरगा, भला. जन्म-मरणाची जुनी वही फडताळातून काढली, धूळ झटकली आणि हात टेकले. "काकू, हे सगळं उर्दूत आहे. इथं आता कुणालाच वाचता येत नाही. तुम्हाला येतं का?"

मी म्हटलं, येतं.

मार्गशीर्ष-पौषाचं पान सापडलं. मी बोट ठेवून वाचत गेले आणि तो मराठीत उतरवत गेला. आधी गिरजामावशीची ओळ. नाव, वय, गल्ली. मरणाचं कारण: दमा. त्या दोन मरणांमध्ये गावात तिसरं कुणी गेलं नव्हतं, म्हणून तिच्या लगेच खाली मायचं नाव. वय. गल्ली. आणि कारणाच्या रकान्यात उभी रेघ, दोन नुक्ते, फुगलेलं पोट. अक्षर माझं नव्हतं, नानांचंही नव्हतं. कुणा तिसऱ्याच माणसाचं होतं.

"काय लिहिलंय, काकू?" पोरानं विचारलं.

"ऐजन."

"म्हणजे?"

"वरच्यासारखंच."

त्यानं "दमा" लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाला, "जुन्या वह्यांत चुका फार असतात. ही नोंद खरी आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "ही खरी आहे."